शाळा बंद होतेय, मला बोलता येत नाही. चित्र काढून काही होईल का?

बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत तुम्ही शिकवता. पटावर 14 मुलं आहेत. पट कमी म्हणून शाळा बंद करून मुलांना चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत पाठवायचं घाटतंय. नोकरीमुळे तुम्हाला मोर्चात जाता येत नाही, पेपरात लिहिता येत नाही. चित्र मात्र बऱ्यापैकी काढता येतं. म्हणून विचारताय, की चित्रातून मूक निषेध करता येईल का, त्याचा उपयोग होतो का, आणि नाव न घालता केला तर चालेल का.

मी 27 वर्षं लिनो (म्हणजे लिनोलियमचा मऊ तक्ता) आणि लाकडाचे ठसे कापतोय. त्यातले बरेच कुठल्या ना कुठल्या आंदोलनासाठी कापलेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

आधी तुमच्या प्रश्नातली गाठ सोडवू. "उपयोग होतो का" असं तुम्ही लिहिलंय, पण मला वाटतं विचारायचंय ते असं: मी गप्प राहिले तरी माझं म्हणणं कुणापर्यंत पोचेल का? खरं सांगायचं तर गप्प चित्र आपसूक ऐकू जात नाही. 2016 मध्ये आपल्याकडे मूक मोर्चे निघाले. घोषणा एकही नव्हती, तरी ते मुंबईपर्यंत ऐकू गेले, कारण रस्त्यावर लाखांनी माणसं होती आणि ती गर्दीच बोलत होती. तुमच्या एका चित्रामागे तशी गर्दी नाही. शिवाय गप्प बसण्याचं कौतुक आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी फारसं केलेलं नाही. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं आणि वर तुकोबांचा अभंग छापला, जगात मुक्याची दखल कुणी घेत नाही अशा अर्थाचा. तेव्हा 'मूक' या शब्दाच्या प्रेमात पडू नका. चित्र मुकं असलं तरी चालतं, पण त्याच्या आजूबाजूला बोलणारी माणसं लागतात. ती आणायची कशी, हा आपल्या कामाचा भाग.

माझी पहिली फजिती सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल.

मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. एका धरणग्रस्तांच्या गटाने पोस्टर मागितलं. मी रात्रभर बसून लिनो कापला: आवळलेली मूठ, तुटलेली साखळी, मागे उगवता सूर्य, खाली जाड अक्षरात 'अन्याय सहन करणार नाही'. माझ्या मते झक्कास झालं होतं. बाजाराच्या दिवशी तालुक्याला लावलं. दुपारी पाहतो तर एका लसूण विकणाऱ्या आजींनी त्यातलं एक काढून पोत्याखाली अंथरलेलं. मी विचारलं, आजी, हे कशाचं चित्र आहे माहितीय का? त्या म्हणाल्या, "इलेक्शनचं हाय न्हवं?" आजी स्वतः धरणग्रस्त होत्या. त्यांच्याच जमिनीसाठी ते पोस्टर होतं.

पुढच्या महिन्यात मी त्या गावात दोन दिवस राहिलो. बुडितातली घरं रिकामी होत होती. लोकांनी वासे काढले, कौलं काढली, पत्रे काढले, दारं-चौकटी ट्रकमध्ये भरल्या. बहुतेक घरांत एक वस्तू मागे राहिलेली दिसली, जातं. जड म्हणून शेवटी ठेवायचं आणि मग ट्रकमध्ये जागाच उरायची नाही. छप्पर नसलेल्या खोलीत, उन्हात एकटं जातं. मी तेवढंच कापलं. खाली अक्षर एकही नाही. छापून पुन्हा बाजारात नेलं तर बायका थांबायला लागल्या. एकजण म्हणाली, खुंटा उलट्या बाजूला काढलाय. बरोबर होतं तिचं. लिनोचा ठसा उलटा उमटतो हे त्या गडबडीत मी विसरलो होतो. दुसरी म्हणाली, आमचा खुंटा मोडलेला, बाभळीचं लाकूड बसवलेलं. तिसरीने सांगितलं की तिचं जातं तिच्या आईने लग्नात दिलेलं. अर्ध्या तासात त्या कागदाभोवती पंधरा-वीस माणसं जमली आणि कुणाचं काय मागे राहिलं याची यादीच सुरू झाली. ती यादी पुढे एका कार्यकर्त्याने वहीत उतरवली आणि अर्जाला जोडली.

मुठीचं पोस्टर माझा निष्कर्ष लोकांच्या गळी उतरवत होतं. जात्याने एक पुरावा समोर ठेवला आणि बाकीचं लोकांवर सोडलं. तेव्हापासून मी मूठ कापलेली नाही. कुणी मागितली तरी टाळतो.

ही अक्कल काही माझी एकट्याची नाही. 1943 चा बंगालचा दुष्काळ घ्या. माणसं लाखांनी मेली, पण सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केलाच नाही. केला असता तर दुष्काळ संहितेप्रमाणे मदत द्यावी लागली असती. म्हणजे कागदोपत्री दुष्काळ नव्हताच. अशा वेळी 'दुष्काळ आहे हो' अशी घोषणा लिहून काय होणार? कलकत्त्यात झैनुल आबेदिन यांनी पार्सल बांधायच्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने फुटपाथवरची माणसं काढली. चित्तप्रसाद भट्टाचार्य त्या नोव्हेंबरात मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. त्यांची रेखाटनं पाहिलीत तर एक गोष्ट लक्षात येईल: बऱ्याच चित्रांवर त्या माणसाचं नाव आहे, गाव आहे. 'भुकेला बंगाल' असं भलंमोठं प्रतीक काढायच्या ऐवजी अमुक गावचा अमुक माणूस, ज्याच्याकडे उद्या कुणी जाऊन खात्री करू शकेल. या रेखाटनांची 'हंग्री बेंगॉल' नावाची पुस्तिका निघाली, तेव्हा इंग्रज सरकारने तिच्या 5000 प्रती जप्त करून जाळल्या. चित्तप्रसादांच्या घरच्यांकडे एक प्रत राहिली, तीवरून 2011 मध्ये पुन्हा छापली गेली. नुसता संताप असता तर सरकारने कदाचित कानाडोळा केला असता. माझ्या मते त्यांना खुपली ती नावं.

हेच चित्तप्रसाद 1946 मध्ये मुंबईत आले आणि आयुष्याचा बराचसा काळ अंधेरीत राहिले. लिनोकट करायचे, कारण लिनो स्वस्त, प्रेस लागत नाही, घरात बसून शंभर प्रती निघतात. आपल्या मराठी चित्रकारांना अंधेरीतल्या या माणसाचं नाव फारसं माहीत नसतं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पण ते असो.

आता उपयोगाचं. माझा अनुभव सांगतो: चित्राने जीआर मागे गेलेला मी पाहिला नाही. ते धरण झालं. जातं पाण्याखाली आहे. पिकासोने 1937 मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या स्पेनमधल्या गावावर 'गेर्निका' काढलं, त्याने बॉम्ब पडायचे थांबले नाहीत. त्या चित्राची विणलेली मोठी प्रत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दाराशी टांगलेली असायची. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री इराकबद्दल बोलायला आले तेव्हा ती निळ्या पडद्याने झाकली गेली. म्हणजे चित्र अडचणीचं होतं हे खरं, आणि पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा. चित्रामुळे 'असं काही नाहीच' म्हणणं अवघड होतं. तुमच्या बाबतीत कागदावर 'पट 14' एवढाच आकडा आहे. तो आकडा म्हणजे कोण, हे चित्र दाखवू शकतं. निर्णय बदलणं मात्र पालकांच्या, ग्रामसभेच्या, झालंच तर कोर्टाच्या हातात.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर ठरतात, हेही सांगायला हवं. कोरा कागद घ्या. नोव्हेंबर 2022 मध्ये उरुमची शहरातल्या जीवघेण्या आगीनंतर, करोनाच्या कडक निर्बंधांविरुद्ध, चीनमध्ये तरुण पोरं कोरे ए-फोर कागद हातात धरून उभी राहिली. आपल्याकडे आणीबाणी लागल्यावर 28 जून 1975 ला इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. दोन्हीकडे न लिहिलेलं काय आहे ते बघणाऱ्याला आधीच माहीत होतं, म्हणून कोरेपणा बोलला. तुमच्या वस्तीवर सगळ्यांना सगळं माहीत असतं, तिथे अगदी थोडक्यात भागेल. पण तेच चित्र जिल्ह्याच्या साहेबांच्या टेबलावर गेलं तर त्यांना काहीच कळणार नाही. तेव्हा चित्र कुणी बघावं असं वाटतं, ते आधी ठरवा. एकाच चित्रात वस्ती आणि साहेब दोघांनाही धरायला गेलात तर माझ्या मुठीसारखं इलेक्शनचं पोस्टर होईल.

दुसरं, बाहेरची खूण उचलून आणताना जपा. अर्जेंटिनात 21 सप्टेंबर 1983 ला, लष्करी राजवट चालू असतानाच, ब्वेनोस आइरेसच्या प्लाझा द मायो चौकात फार मोठं काम झालं. एकाने कागदावर आडवं व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या अंगाभोवती रेघ मारायची. अशा माणसाएवढ्या रिकाम्या आकृत्या भिंतीभिंतींवर चिकटवल्या, राजवटीने गायब केलेल्या हजारो माणसांच्या नावाने. त्या गायब माणसांच्या आयांचं मागणं होतं की आमची मुलं जिवंत परत द्या. म्हणून आकृत्या उभ्याच लावायच्या, जमिनीवर आडव्या पडू द्यायच्या नाहीत असं ठरलं, कारण आडवी आकृती म्हणजे मेलेला माणूस. एवढ्या बारकाव्यावर ते काम उभं होतं. आता तुम्ही शाळेच्या पटांगणात 14 मुलांच्या आकृत्या काढल्यात तर वस्तीवर काय वाटेल? अपघाताचा पंचनामा. एखादी आजी अभद्र म्हणून पाणी ओतून पुसून टाकेल, आणि मी तिला दोष देणार नाही.

मग तुमच्या शाळेचं जातं कुठलं? मी काही शाळा पाहिलेली नाही, पण तुम्ही प्रश्नात सहज एक वाक्य लिहून गेलात: "सकाळी दाराबाहेर चपलांची रांग बघितली की पटाची हजेरी घ्यावीच लागत नाही." अहो, चित्र तुम्ही लिहूनच दिलंय! वर्गाचा उंबरा, बाहेर चपलांचे जोड. चेहरा नाही, नाव नाही, झेंडा नाही. आणि चार किलोमीटर हा शब्दही लिहायला नको, कारण चपल बघितली की चालणं आलंच. वस्तीवरच्या आईला प्रत्येक चपल कुणाची ते ओळखू येईल. साहेबांना ओळखू येणार नाही, पण मोजता येईल.

मुलांबद्दल माझं एक ठाम मत आहे, पटलं नाही तरी ऐका. मुलांना निषेधाची चित्रं काढायला बसवू नका. त्यांचे चेहरेही काढू नका. मुलं तुमच्यावर विश्वास ठेवून शाळेत येतात. तो विश्वास मोठ्यांच्या भांडणात खर्च करायचा नसतो. शिवाय चित्रातला रडका चेहरा बघणाऱ्याला सुटका देतो. तो हळहळतो आणि निघून जातो. चपला बघून हळहळता येत नाही, मोजाव्या लागतात.

आता निनावीपणाचं. चिलीमध्ये 1973 च्या लष्करी उठावानंतर गरीब वस्त्यांतल्या बायकांनी चिंध्यांची चित्रं शिवली. त्यांना 'आरपिलेरा' म्हणतात, म्हणजे शब्दशः गोणपाट, कारण मागे गोणपाटाचंच कापड असायचं. आपल्या गोधडीच्या जवळची गोष्ट. बेपत्ता नवरे, बंद नळ, पोलिसांच्या गाड्या, सगळं ठिगळांनी शिवलेलं. बहुतेकींवर नाव नसायचं. चर्चच्या आधाराने ती परदेशी जायची, काहींच्या मागे छोटा खिसा आणि खिशात चिठ्ठी असायची. तिथे निनावीपण चाललं, कारण शिवणाऱ्या बायका शेकड्यांनी होत्या. तुमच्या तालुक्यात लिनो कापणाऱ्या किती जणी आहेत? एक. नाव घालायचं की नाही हा प्रश्न तुमच्यापुरता फारसा उरत नाही.

म्हणून मी असं सुचवेन. मी वकील नाही, तेव्हा जिल्हा परिषद सेवेचे 1967 चे वर्तणूक नियम आधी स्वतः वाचा आणि संघटनेतल्या जाणत्या माणसाशी बोला. सरकारी किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर काहीही चिकटवू नका. मालमत्ता विद्रुपणाचा 1995 चा कायदा आहे, आणि शिक्षिकेवर तो लावायला कुणाला तरी बरंच वाटेल. चित्रात कुणा साहेबाचं, पुढाऱ्याचं व्यंगचित्र नको. 2012 मध्ये मुंबईत एका व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. पुढे 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हिंसेला चिथावणी नसेल तर नुसती टीका राजद्रोह होत नाही. पण निकाल येईपर्यंत गेलेला काळ कुणी परत देत नाही. तुमचं चित्र निषेध म्हणूनही वाचता येईल आणि 'माझी शाळा' म्हणूनही. ही पळवाट वाटेल, पण मूक चित्राची हीच ताकद असते. आरोप करायचा तर करणाऱ्याला आधी सांगावं लागतं की चपलांच्या चित्राने त्याला नेमकं काय बोचलं.

ठसा कापलात की प्रती पालकांना द्या. प्रत्येक घरी एक, भेट म्हणून. ती दारावर लावायची, फ्रेम करायची, की ग्रामसभेत घेऊन जायची, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी आपल्याकडे ग्रामसभा होतात, तुम्हाला माहीतच आहे. 14 घरची माणसं तोच कागद हातात घेऊन सभेला बसली, तर कुणीतरी विचारणारच की हे काय. मग बोलायचं पालकांनी. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हे शिक्षण हक्काच्या नियमांत आहे, ते त्यांनी म्हणावं. त्यांना बोलायला कुणी अडवू शकत नाही, नोकरी त्यांची नाही. तुम्ही मागे बसा. तेवढं गप्प राहणं तुम्हाला जमेल.

सामानाचं थोडक्यात. आठ बाय दहा इंचाचा लिनो पुरे. पाठीवर कागद असलेला पातळ रबरी शीट घेऊ नका, रेघ फाटते. थंडीत लिनो कडक होतो, पंधरा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. कोरणी नेहमी स्वतःच्या हातापासून दूर चालवायची. माझ्या डाव्या तर्जनीवर चार टाके आहेत, म्हणून सांगतोय. शाई रोलरने पातळ लावा. पहिल्या दोन-तीन प्रती फिक्या येतात, त्या टाकू नका, मुलांना रंगवायला होतील. प्रेस नसेल तर कागद ठशावर ठेवून मोठ्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा. आणि चित्र उलटं उमटणार हे माझ्यासारखं विसरू नका. डाव्या पायाची चपल उजव्या पायाची झाली तर पहिलीतलं पोरगंसुद्धा हसेल.

रेखाटन करायला बसाल तो दिवस आधीपासून ठरवू नका. कुठल्याही एका सकाळी, घंटा झाल्यावर, दारात बसून जसं दिसेल तसं काढा. पावसामुळे तीन मुलं आली नसतील तर 11 च जोड काढा. तीन कुठे आहेत हे लोक विचारतील, आणि ओढा भरला की काय होतं ते पालक सांगतील. एखाद्या चपलेचा पट्टा निसटू नये म्हणून खालून सेफ्टी पिन लावलेली असेल, तर ती पिनसुद्धा घ्या. ठशात ती पांढरी दिसायला हवी, म्हणून तेवढी बारीक रेघ सगळ्यात आधी कापून घ्या. नंतर तिला जागा उरत नाही.